जो उशिरा येईल, तो लिहील

दार उघडणाऱ्या माणसाने माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तो बघत होता माझ्या चष्म्याकडे.

"डावीकडून कललाय," तो म्हणाला.

मी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या दारात उभी होते. हातात सोसायटीची फाइल, काखेत छत्री आणि तोंडावर सेक्रेटरीला शोभेल असा गंभीर भाव. त्या गंभीर भावाची त्याने एका वाक्यात वाट लावली.

"मावशी आहेत का?"

"झोपल्यात. मी भाचा. गेल्या महिन्यातच राहायला आलोय त्यांच्याकडे. द्या इकडे."

"काय?"

"चष्मा."

आणि मी दिला. अनोळखी माणसाला चष्मा काढून देणारी बाई मी नव्हे, तरीही दिला. त्याने खिशातून करंगळीएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला. माझ्यासाठी सगळं जग धूसर झालं होतं. समोर नुसता एक निळा शर्ट, आणि त्या शर्टातून येणारा आवाज सांगत होता की कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान त्याचंच आहे आणि माणसं चष्मे फार वाईट वागवतात. मग थंड काड्या अलगद माझ्या कानांवर येऊन बसल्या… आणि निळ्या शर्टाला डोळे आले. हसरे, जरासे घाबरलेले.

तो मात्र आता माझ्या छत्रीकडे बघत होता. तिची एक काडी कधीतरी तुटली होती, आणि तिथे बारीकसा स्क्रू बसवलेला होता.

"छान आहे छत्री," तो म्हणाला.

"मोडकी आहे."

"पण चालतेय ना अजून?" असं म्हणून तो उगाच हसला. मला वाटलं, दिवसभर भिंगं घासून डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं.

मी दारोदार का हिंडत होते, ते आता सांगायला हवं.

माझे बाबा चाकांच्या खुर्चीत असतात. पाठीच्या दुखण्यानंतर पायांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. कठडा धरून चार पावलं टाकतात तेवढीच. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण लिफ्टमधून बाहेर पडलं की अंगणात उतरायला पायऱ्या. त्या पायऱ्यांनी बाबांना घरात कोंडून टाकलं होतं. गेल्या वर्षी सोसायटीने पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार बांधला, त्यावर चाकं घसरू नयेत म्हणून रेघा ओढल्या, आणि बाबांना त्यांच्या सकाळी परत मिळाल्या. रोज सकाळी खर्रर्र असा आवाज येतो. बाबा एकटे, कुणाला हाक न मारता, 'कोपऱ्यापर्यंत' निघालेले असतात. तो आवाज मला कुठल्याही गाण्यापेक्षा आवडतो.

आता या उताराने तळमजल्यावरच्या काकांच्या गाडीची थोडी जागा खाल्ली होती. काका निवृत्त ऑडिटर. उताराचं ठरलं तेव्हा ते परगावी मुलीकडे होते. परत आल्यावर बरेच महिने धुमसत राहिले, आणि मी सेक्रेटरी झाल्याबरोबर त्यांनी शांतपणे विचारलं, "ज्या सभेत हे ठरलं, तिची मिनिट्स दाखव. नसतील, तर ठराव झालाच नाही असं समजायचं आणि उतार काढायचा." काका दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, हीच पंचाईत होती. कारण सभांच्या वहीत त्या सभेची मिनिट्स नव्हतीच. त्या संध्याकाळी मी लॅबमध्ये ड्यूटीवर होते, त्यामुळे मला स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं. येत्या रविवारच्या सभेत एक तर मिनिट्स दाखवायची, नाही तर बाबांचा उतार फोडलेला बघायचा.

मिनिट्स लिहायचं काम कुणालाच नको असतं. म्हणून आमच्या इमारतीने फार पूर्वी स्वतःपुरता एक कायदा केला – सभेला सगळ्यात उशिरा जो येईल, त्याने मिनिट्स लिहायची. वरच्या ओळीत उशिराचं कारण, खाली सही. वहीभर 'दूध उतू गेले', 'जावई अचानक आले', 'चष्मा सापडेना' अशी कारणं आहेत. तेव्हापासून आमच्या सभा वेळेच्या आधीच सुरू होतात.

जुने सेक्रेटरी मला बघून कसनुसे झाले. त्या संध्याकाळी मुसळधार पाऊस होता, लाइट गेले होते, सगळे जण जिने चढून गच्चीवरच्या खोलीत जमले होते. वही खाली कपाटात राहिली, म्हणून एका सुट्या कागदावर कुणीतरी मिनिट्स लिहून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला. आणि तो शर्ट बायकोने मशीनमध्ये टाकला. "लगदा झाला गं," ते म्हणाले. "कुणी लिहिलं होतं, काय सांगू? मेणबत्तीच्या उजेडात ज्याच्या हाती पेन लागलं त्याने."

म्हणून मी प्रत्येक दारात एकच प्रश्न घेऊन उभी राहत होते – त्या दिवशी सगळ्यात उशिरा कोण आलं होतं?

चष्मेवाल्याने हे सगळं दारात उभ्याउभ्या ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कागद गेला तो गेला. पण माणसं आहेत ना. प्रत्येकाला काय आठवतंय ते लिहून घ्या, सह्या घ्या, आणि रविवारी सभेपुढे ठेवा. मी येतो बरोबर. मावशींच्या वतीने."

"तुम्हाला दुकान नाही?"

"दुपारी कुणाला फारसं दिसत नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

आम्ही निघालो. मी प्रश्न विचारायचे, तो लिहून घ्यायचा, आणि माझी छत्री, कोरडा दिवस असला तरी, त्याच्याच हातात असायची. पहिली गोष्ट कळली ती ही की त्या दिवशी कुणीही उशिरा आलेलं नव्हतं. सगळे वेळेवर. काही जण तर वेळेआधी. दुसरी गोष्ट अशी की उताराची कल्पना प्रत्येकाची स्वतःची होती. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिका म्हणाल्या, मीच बोलले. त्यांच्या समोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मीच मुद्दा काढला. जुन्या सेक्रेटरींनाही अंधुक आठवत होतं की ते स्वतःच. काय लिहू, असं चष्मेवाल्याने विचारल्यावर मी म्हटलं, "लिहा, सूचक – सर्वजण."

तो इतका हसला की जिन्यात बसावं लागलं. मीही बसले, एक पायरी खाली. या लोकांपैकी काही जणांशी मी कधी नीट बोललेही नव्हते. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे इमारतीतली माणसं मला बघितलं की आपोआप बाही खाली ओढतात. आता तीच माणसं सांगत होती की तुझे बाबा खिडकीत बसलेले दिसायचे ते बघवत नव्हतं. मी चष्मा वर सरकवून डोळे पुसले. इतके जण आमचा विचार करत होते, आणि मला वाटायचं आम्ही दोघंच आहोत.

"रडू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "काचांवर डाग पडतात."

"तुम्हाला सगळीकडे काचाच दिसतात का?"

"नाही," तो म्हणाला. आणि पुढे काही बोलायच्या ऐवजी वही मिटून उठला.

उपयोगाची माहिती एकच मिळाली, चौथ्या मजल्यावरच्या आजींकडून. त्यांना लांबचं दिसत नाही, पण वास आणि आवाज पक्के लक्षात राहतात. "शेवटी एक जण आला होता," त्या म्हणाल्या. "पार भिजलेला. धापा टाकत होता, जणू कुणी पाठीमागे लागलंय. उताराचं सगळ्यात आधी तोच बोलला. बाकीचे मग बोलले." कोण होता, विचारल्यावर म्हणाल्या, "आमच्यातला नव्हता वाटतं. की होता… अंधार होता बाई."

"एक ओला माणूस," मी जिना उतरताना म्हणाले. "आता ओला माणूस शोधायचा कुठे?"

चष्मेवाल्याला एकाएकी खोकला आला.

आठवडा सरत आला तेव्हा तो माझ्या लॅबमध्येच उगवला. मावशींनी साखर तपासून ये म्हणून पिच्छा पुरवला होता म्हणे. खुर्चीत बसला, बाही वर केली आणि समोरच्या भिंतीकडे असा बघू लागला की जणू तिथे परीक्षेचा निकाल लागलाय.

"मूठ वळा," मी म्हणाले. त्याच्या मनगटाला बोटं लावली तर नाडी पळत सुटलेली. "घाबरलात?"

"सुईला नाही."

मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि त्यांवर त्यानेच नीट बसवलेला चष्मा होता. "बोलत राहा," मी म्हटलं, "म्हणजे टोचलेलं कळत नाही. काहीही बोला. खरं असलं म्हणजे झालं."

"खरं…" तो थांबला. "तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. रोज ठरवतो. पण सांगता येत नाही. शब्द दिलाय एका व्यक्तीला."

"कोणाला?"

"तेही सांगता येत नाही. पण त्यांना दुखवणं… मला जमणार नाही."

रक्त घेऊन झालं होतं. मी त्या जागेवर कापूस ठेवला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात दाबला. म्हणजे होतं तर कुणीतरी. आणि मी वेडी आठवडाभर त्याच्या शेजारी जिने चढत होते. "रिपोर्ट उद्या मिळेल," मी म्हणाले. "काउंटरवरून घ्या." मी त्याच्याकडे वर बघितलं नाही. तो जाईपर्यंत मी एका नळीवर नाव लिहीत राहिले, आणि नंतर दिसलं की तिच्यावर आधीच नाव लिहिलेलं होतं.

रविवारी सकाळी सभा भरली अंगणात, उताराच्या समोरच. काकांनीच तसं सुचवलं होतं, वादाची जागा सगळ्यांना दिसावी म्हणून. बाबा आले नाहीत. "माझ्याच विषयाला मी समोर बसलो की लोकांना भीड पडते," म्हणाले. ते वर गॅलरीत बसले होते. चष्मेवाला मागच्या रांगेत, मावशींच्या शेजारी. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते आणि ते ठरवलेलं पुनःपुन्हा मोडत होते.

मी आठवणींतून जुळवलेली मिनिट्स वाचून दाखवली. सगळ्यांच्या सह्या होत्या. सूचक सर्वजण, यावर हशा पिकला. काकांनी कागद हातात घेऊन शांतपणे वाचला.

"काम चांगलं केलंयस," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "पण वरची ओळ कोरी आहे, खालची सही नाही. लिहिणारा कोण होता हेच माहीत नसेल, तर उद्या कुणीही काहीही लिहून आणेल. त्या दिवशी उशिरा कोण आलं होतं?"

अंगणभर सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. मी उताराकडे बघितलं. त्या सिमेंटमधल्या रेघा मला पाठ होत्या.

"मी," मागून आवाज आला.

चष्मेवाला उभा होता. "मावशींना जिने चढवत नव्हते, म्हणून त्यांच्या जागी आलो होतो. मिनिट्स मी लिहिली. आता सही करतो."

मी वळून बघतच राहिले. हाच माणूस माझ्याबरोबर प्रत्येक दारात उभा राहून 'उशिरा कोण आलं होतं' हे लिहून घेत होता. माझी छत्री धरून, चेहऱ्यावरची रेघ हलू न देता.

"कारण?" काकांनी विचारलं.

"ते… सांगता येणार नाही."

"मग नियमाप्रमाणे हे अपुरं आहे. मला यात आनंद नाही, पण अपुरं आहे."

"उशीर झाला होता एवढंच लिहा ना."

"कारण लिहायची पद्धत आहे."

त्याचं ते गप्प बसणं मला सहन होईना. एका वाक्याने बाबांच्या सकाळी वाचणार होत्या, आणि हा माणूस ते एक वाक्य तोंडातच धरून उभा होता. मी काहीतरी कडू बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. मग तो आवाज आला. खर्रर्र.

बाबा उतारावरून खाली आले. कुणीही मदतीला पुढे झालं नाही, कारण मदत लागतच नव्हती. खाली येऊन त्यांनी खुर्चीला ब्रेक लावला.

"त्याला उशीर झाला नव्हता," बाबा म्हणाले. "मी करवला. लिहून घ्या."

काकांनी पेनाचं टोपण काढलं. बाबा पुढे सांगू लागले.

"त्या संध्याकाळी मी लिफ्टने खाली आलो. कठडा धरून पायऱ्या उतरू म्हटलं. पावसाने निसरडं झालं होतं, पडलो. त्यात लाइटही गेले. हा मुलगा तेवढ्यात फाटकातून आत आला. मला ओळखतही नव्हता. मला पाठुंगळीला घेऊन अंधारात दोन मजले चढला, अंग पुसून दिलं, मग खुर्ची आणायला परत खाली गेला. म्हणून उशीर. मीच त्याच्याकडून शब्द घेतला, की माझ्या मुलीला कळता कामा नये. कळलं असतं तर ती नोकरी सोडून माझ्याजवळ बसली असती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता रागाव हवं तर."

"पण बाबा, अशा पावसात तुम्ही बाहेर निघालात कशाला?"

"तुझी छत्री घरी राहिली होती," बाबा म्हणाले. "म्हटलं, बसथांब्यापर्यंत घेऊन जावी."

त्या संध्याकाळी मी चिंब भिजून घरी आले होते आणि चिडचिड केली होती, एवढं मला आठवलं. बाबा कोरड्या शर्टात बसले होते. दुसऱ्या दिवशी छत्रीला स्क्रू दिसला तेव्हा विचारलं, तर म्हणाले होते, जमलं कसंतरी. मी बाबांपाशी जाऊन खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

काका उठले. त्यांनी वरच्या कोऱ्या ओळीत स्वतःच्या अक्षरात कारण लिहिलं, चष्मेवाल्याची सही घेतली आणि खाली, सगळ्यांच्या आधी, स्वतःची केली. "मंजूर," ते म्हणाले. "गाडी मी भिंतीकडे सरकवीन. तिथेही मावते, मोजून बघितलंय." मग जरा खाकरले. "पण नियम तो नियम. आजच्या सभेला सगळ्यात उशिरा कोण आलं?"

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. काकांनी वही आणि पेन दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. बाबा इतके खूष झाले की काय सांगू. किती वर्षांनी कुणीतरी त्यांना काम सांगितलं होतं.

शेवटचा विषय आभारप्रदर्शन, आणि ते सेक्रेटरीकडे. मी उभी राहिले. ज्यांनी ज्यांनी उतार सुचवला त्या सगळ्यांचे आभार मानले. ज्यांनी सह्या दिल्या त्यांचे मानले, ज्यांनी नियम सोडला नाही त्या काकांचेही मानले. एकेकाकडे बघून, हात जोडून. मी कधी कुणाचे इतके मनापासून आभार मानले नव्हते, आणि मानायचे किती राहिले होते ते मला बोलता बोलता कळत गेलं. "आणि एकाचे…" मी अडखळले. "एकाचे मी सभेनंतर मानीन."

चौथ्या मजल्यावरच्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "हाच तो. ओला."

खुर्च्या उचलल्या जात होत्या तेव्हा तो उतारापाशी उभा होता. मी समोर गेले.

"म्हणजे बाबा रोज कोपऱ्यापर्यंत जातात ते…"

"माझ्या दुकानात बसतात," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना फ्रेम निवडून देतात. आणि तुमच्याबद्दल बोलतात. रोज. तुम्ही काय खात नाही, कशावर चिडता, झोपेत काय बडबडता…"

"बाबांनी हे सांगितलं?"

"वर्षभर ऐकतोय. तुम्हाला बसथांब्यावर लांबून बघितलं होतं. त्या दिवशी दार उघडलं आणि समोर तुम्ही." त्याने शर्टाच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर उगाच चाचपला. "म्हणून चष्म्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे बघितलं असतं, तर तुम्हाला सगळं तिथंच कळलं असतं."

माझा चष्मा कललेला नव्हता, स्क्रूही ढिला नव्हता. तरी मी तो काढला आणि त्याच्या हातात दिला. सगळं जग पुन्हा धूसर झालं, फक्त तो इतका जवळ उभा होता की स्पष्ट दिसत होता.

"आभार नंतर," मी म्हणाले. "आधी नीट बघ. आणि 'तुम्ही' पुरे आता."

त्याने बघितलं. मान वळवली नाही, खोकला आला नाही.

"ठराव झालाय असं समजू का?" उताराच्या दुसऱ्या टोकाकडून बाबांनी विचारलं. वही त्यांच्या मांडीवर उघडी होती आणि पेन अजून हातातच होतं. "मिनिट्स बंद करायचीत मला."